गेटवरचा आपला माणूस कुणाचा?

गेल्या महिन्यात पिंपरीत आंबेडकर चौकाच्या पलीकडे आपल्या पोरांची बैठक होती. बैठक शिष्यवृत्तीच्या प्रश्नावर आणि भांडण लागलं भलत्याच गोष्टीवरून. एका पोरीनं उभं राहून सांगितलं, मी एमबीएला एचआर घेतलंय. झालं! मागच्या रांगेतून एक जण ओरडला, "म्हणजे मालकाची दलाली शिकणार तू!" तीही कमी नाही. म्हणाली, "मग काय करू? आईनं कंपनीत झाडू धरलाय वीस वर्षं. तोच माझ्या हातात द्यायचाय का तुला?" सगळे गप्प. अध्यक्षांनी विषय बदलला, चहा आला, बैठक संपली.

मीही गप्प बसलो, आणि ते मला अजून बोचतंय. कारण त्या खोलीत या विषयावर बोलायचा अधिकार सगळ्यात जास्त माझा होता. मी एमपीएम केलंय, म्हणजे जुन्या भाषेत पर्सोनेल मॅनेजमेंट. चाकणच्या एका कंपनीच्या एचआर खात्यात साडेतीन वर्षं काढलीत. ज्या गेटबाहेर माझा बाप सात महिन्यांचा टेंपररी म्हणून रांगेत उभा राहायचा, तसल्याच गेटच्या आत मी गळ्यात आयकार्ड घालून बसलो. तेव्हा तिथे जे बोललो नाही ते इथे लिहितो. ओरडणारा अर्धा खरा आणि ती पोरगीही अर्धी खरी. उरलेलं अर्धं दोघांनाही कुणी शिकवलेलं नाही. मलाही वर्गात कुणी शिकवलं नाही. नोकरी करताना, झक मारत शिकलो.

आधी नाव बघा. या खात्याला पूर्वी लेबर म्हणायचे, मग वेल्फेअर, मग पर्सोनेल. आता ह्यूमन रिसोर्स. मराठीत मानव संसाधन. कोळसा, पाणी, पत्रा, वीज आणि त्याच यादीत माणूस. दिल्ली सरकारनं १९८५ साली शिक्षणखात्याचंच नाव मानव संसाधन विकास करून टाकलं होतं. ते २०२० साली पुन्हा शिक्षण झालं. कंपन्यांनी मात्र शब्द सोडला नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना गावानं साधन म्हणूनच वापरलं, त्यांना या शब्दाची चीड यायलाच हवी. पण नुसती चीड येऊन भागत नाही. त्या शब्दाच्या आत काय कोंबलंय ते बघावं लागतं.

आम्हाला वर्गात काय शिकवलं? पहिल्यांदा टेलर. त्याचं सायंटिफिक मॅनेजमेंट १९११ सालचं. घड्याळ घेऊन कामगाराच्या हालचाली मोजायच्या आणि त्याच्या अंगातलं कसब काढून इंजिनिअरच्या कागदावर आणायचं. मग एल्टन मेयो आणि शिकागोजवळचा हॉथॉर्नचा कारखाना. कामगाराकडे कुणी आपुलकीनं बघितलं की उत्पादन वाढतं, असा त्यातून काढलेला धडा. पगारवाढ न देता आपुलकी दाखवायची ही युक्ती साहेबांना तिथूनच मिळाली. मग १९४३ सालचा मॅस्लो. सर फळ्यावर त्रिकोण काढायचे. खाली भूक-तहान, त्याच्यावर सुरक्षितता, मग जिव्हाळा, मग मान, आणि टोकाला आत्मसाक्षात्कार. खालची पायरी भरल्याशिवाय माणूस वरच्या पायरीकडे बघत नाही म्हणे! मी वहीत त्रिकोण काढला आणि मनात म्हटलं, सर, २० मार्च १९२७ ला महाडच्या तळ्यावर गेलेल्या माणसांची पोटं काय भरलेली होती? ती माणसं नुसत्या तहानेसाठी गेली नव्हती. अर्ध्या पोटानं मानासाठी गेली होती. डोकी फुटली तरी गेली होती. ज्या शास्त्राला महाड समजत नाही ते शास्त्र आपल्या माणसाला काय समजणार? पण परीक्षेत त्रिकोण काढला, आठ मार्क घेतले आणि गप्प बसलो.

फोर्डचं नाव आलं तेही पाच डॉलरचा रोज देणारा दाता म्हणून. १९१४ साली त्यानं तो रोज जाहीर केला हे खरं. पण सोबत एक समाजशास्त्र खातंही काढलं. त्या खात्याचे इन्स्पेक्टर कामगाराच्या घरी जायचे. दारू पितो का, घर स्वच्छ आहे का, बायकोशी नीट वागतो का, हे सगळं तपासायचे आणि मग पाच डॉलरला तो लायक की नालायक ते ठरवायचे. घर बघून माणूस पास-नापास करायची ही रीत लक्षात ठेवा. तिच्याकडे पुन्हा येणार आहे.

आता वर्गात जे आलं नाही ते ऐका.

मुंबईच्या गिरण्यांत माणूस भरायचं काम जॉबरचं होतं. आपल्या भाषेत मुकादम. तो आपल्या गावचा, आपल्या जातीचा माणूस आणायचा, त्याच्याकडून दस्तुरी खायचा, मनात आलं की घरी बसवायचा. गिरणीत विणकाम खात्यात पगार बरा. पण तिथे अस्पृश्याला प्रवेश नाही. का? तर धोट्यातून धागा ओढायला तोंड लावावं लागायचं. महाराच्या तोंडचा धोटा सवर्ण कामगार हातात कसा घेणार? १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांच्या तोंडावर मारला. कामगार सगळे एक म्हणता, मग विणकाम खातं आमच्यासाठी खुलं करा! कामाच्या जागची भरती हा जातीचा प्रश्न आहे, हे या देशात मॅनेजमेंटच्या कुठल्या प्राध्यापकानं नाही, बाबासाहेबांनी चव्हाट्यावर आणलं.

पुढे १९३१ साली शाही मजूर आयोगानं अहवाल दिला. व्हिटले त्याचा अध्यक्ष. त्या आयोगानं सांगितलं की जॉबरच्या हातातून भरती काढून घ्या आणि कारखान्यात लेबर ऑफिसर नेमा. दोस्तहो, आजच्या एचआरचा हिंदुस्थानातला आजोबा हाच. मुकादमाची लाचखोरी आणि मनमानी मोडायला म्हणून हे पद जन्माला आलं. १९३६ साली मुंबईत समाजकार्याची शाळा निघाली, आज तिला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस म्हणतात. एचआरच्या शिक्षणातलं देशातलं एक मोठं नाव. आणि त्याच १९३६ साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. एकानं मजुराचं कल्याण शिकवायचं ठरवलं, दुसऱ्यानं मजुराची सत्ता मागितली.

१९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. सरकार, मालक आणि कामगार एका टेबलाशी बसवणारी त्रिपक्षीय परिषद त्यांच्याच काळात उभी राहिली. कोळसा खाणीतल्या मजुरांसाठी कल्याण निधी आला तो १९४४ साली. आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा आली ती १९४६ च्या दुरुस्तीनं. किमान वेतनाचं विधेयक त्यांनी १९४६ साली मांडलं, कायदा झाला १९४८ ला. आजारपणाच्या विम्याची योजना त्यांच्याच खात्यात तयार झाली, तिचाच पुढे ईएसआय झाला. मोहननगरच्या ईएसआय हॉस्पिटलात केसपेपरच्या रांगेत उभं राहता ना, त्या रांगेची सुरुवात तिथे आहे. आणि स्टँडिंग ऑर्डर्सचा १९४६ चा कायदा! कामगाराला मनमानीनं हाकलायचं नाही, आधी लेखी आरोप द्यायचा, त्याचं म्हणणं ऐकायचं, चौकशी करायची. एचआरवाला रोज जी चार्जशीट टाइप करतो तिच्यामागे २०२५ पर्यंत हा कायदा उभा होता. तोही त्यांच्याच मंत्रिपदाच्या काळातला.

त्याच्याही मागे जा. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची सभा घेतली, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं आणि रविवारची सुट्टी, दुपारची अर्धा तास विश्रांती, जखमी कामगाराला भरपाई मागितली. रविवारची सुट्टी मिळाली १८९० ला. लोखंडे सत्यशोधक, जोतीरावांचे सहकारी. माझ्या पदवीच्या कागदावर विद्यापीठाचं नाव आहे सावित्रीबाईंचं. आणि आत दोन वर्षांत वर्गात ना लोखंडे ऐकले, ना मजूरमंत्री आंबेडकर. बाबासाहेब घटनेचे शिल्पकार म्हणून १४ एप्रिलला फोटोत, हार घालायला. कामगार कायद्याच्या तासाला त्यांना वर्गाबाहेर उभं केलेलं. पुन्हा तेच. शाळेबाहेर बसवायची सवय जात नाही.

आता आपल्या पट्ट्याकडे या.

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. त्याच साली २५ डिसेंबरला इथून हाकेच्या अंतरावर देहूरोडला बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. दोन गोष्टी जवळजवळ आल्या. सरकारी कंपनी होती, राखीव जागा होत्या, भरती करणाऱ्या खात्याला बिंदुनामावली ठेवावी लागायची. आपल्यातले काही जण क्वार्टरमध्ये राहायला गेले, पोरं इंग्रजी बोलायला लागली. ही कंपनी पुढे आजारी पडली ती पडलीच. साठच्या दशकात बजाज, टेल्को आणि एमआयडीसी. गाव वाढलं, १९८२ साली महानगरपालिका झाली. पण खासगी गेटवर बिंदुनामावली नव्हती. तिथे ओळख लागायची. आणि आपली ओळख कुणाशी? गटारीशी, फाउंड्रीशी, पेंट शॉपशी, झाडूशी.

टेंपररीची सात महिन्यांची नोकरी आपल्या पट्ट्यात सगळ्यांना पाठ आहे. सात महिने काम, मग ब्रेक. का? कायद्यात वर्षाकाठी दोनशे चाळीस दिवस भरले की नोकरी सलग धरतात, मग काढायला नोटीस आणि भरपाई द्यावी लागते. म्हणून दोनशे दहाव्या दिवसाच्या आसपास माणूस बाहेर. माझ्या बापानं असे ब्रेक इतके घेतले की पुढे त्याला तारखा सांगता येईनात. घरात हिशोब असायचा तो दिवसांचा.

सप्टेंबर १९८९ मध्ये टेल्कोचे कामगार राजन नायर यांच्या पुढारपणाखाली शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले आणि पोलिसांनी त्यांना रात्री उचलून नेलं. मालकांनी त्यातून जो धडा घ्यायचा तो घेतला. परमनंट कामगार म्हणजे युनियन, मग परमनंटच नको. कंत्राटी आणा, ट्रेनी आणा, शिकाऊ आणा. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात लिहिलंय की शिकाऊ हा कामगार नाही, कामगार कायदे त्याला लागू नाहीत. चांगल्या हेतूनं लिहिलं असेल. पण पोरगं लाइनवर उभं राहून पूर्ण शिफ्टचं काम काढतं आणि कागदावर ते शिकतंय! २०१३ साली नीम नावाची योजना आली, ट्रेनी पोरांच्या झुंडी आल्या. पुढे नीम गेली, दुसऱ्या नावांनी 'शिका आणि कमवा' राहिलं. त्याच २०१३ ला चाकणला बजाजचे कामगार पन्नास दिवस कामाबाहेर राहिले आणि मागण्या पदरात न पडता परत आत गेले. तळेगावला जनरल मोटर्सनं डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबवलं आणि हजारावर परमनंट कामगार घरी आले. परमनंटही किती परमनंट ते तेव्हा समजलं.

चाकणची गोष्ट आणखी एका अंगानं बघा. जमीन गेली तिथे जमीनवाल्याला मोबदला मिळाला, आणि गेटवर लेबर पुरवायचं, कॅन्टीनचं, बसचं, भंगाराचं कंत्राटही तोच मागू शकला. ज्याचं नाव सातबाऱ्यावर नव्हतं त्याला काय? त्याच गावच्या आपल्या वस्तीतला माणूस आज त्याच पाटलाच्या पोराच्या ठेक्यावर हेल्पर आहे. पूर्वी त्याच्या शेतावर होता, आता त्याच्या मस्टरवर आहे. व्हिटलेनं जॉबर काढा म्हटलं होतं. शंभर वर्षं होत आली, जॉबर परत आलाय. स्कॉर्पिओतून आलाय आणि त्याच्या कागदपत्रांवर सही करून त्याला आत घेणारा कोण? एचआर.

हे झालं खालच्या भरतीचं. वरच्या भरतीत काय होतं? २००७ साली सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी एक अभ्यास छापला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, फक्त नावं बदलली. एक सवर्ण आडनाव, एक दलित आडनाव, एक मुसलमान नाव. दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण अर्जाच्या दोन-तृतीयांश निघाली. मुसलमान नावाची एक-तृतीयांश. कागद सारखाच, आडनाव निराळं. सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी त्याच सुमारास दिल्ली भागातल्या पंचवीस एचआर मॅनेजरांना भेटून विचारलं, तुम्ही माणूस कसा निवडता? जात कोण बघतो, आम्ही मेरिट बघतो, असा सूर निघाला. आणि तेच साहेब मुलाखतीत 'फॅमिली बॅकग्राउंड' विचारणं महत्त्वाचं मानत होते. बाप काय करतो, घर कुठलं, भावंडं काय करतात. फोर्डचा इन्स्पेक्टर आठवतो का? तो निदान कामगाराच्या घरापर्यंत चालत तरी जायचा. इथे पंख्याखाली बसूनच घर तपासतात.

माझ्या पहिल्या मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "पूर्ण नाव?" सांगितलं. "मूळ गाव?" सांगितलं. "वडील?" कंपनीत होते, म्हटलं. "कोणत्या पोस्टवर?" तिथे मी अडखळलो. पेंट शॉपमधला टेंपररी ही पोस्ट असते का? साहेब हसून म्हणाले, "कम्युनिकेशनवर काम करायला हवं तुम्ही." कम्युनिकेशन! मी जन्मात एवढं स्पष्ट कधी समजलो नव्हतो की समोरचा काय म्हणतोय.

अमेरिकेकडे बघा जरा, ज्या काळ्या पँथरांचं नाव आपल्या चळवळीनं घेतलं तिथे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानं नोकरीत वंशभेद करायला मनाई केली. मग कंपन्यांनी शहाणपणा केला. काळे घेत नाही म्हणायचं नाही, हायस्कूल सर्टिफिकेट आणि बुद्धीची चाचणी लावायची. नॉर्थ कॅरोलिनातल्या ड्यूक पॉवर कंपनीच्या काळ्या कामगारांनी खटला भरला आणि १९७१ साली, ग्रिग्ज खटल्यात, तिथल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कामाशी ज्या चाचणीचा संबंध नाही आणि जिनं काळे बाहेर राहतात ती चाचणी बेकायदा. हेतू काय होता ते सांगू नका, परिणाम दाखवा. तिथल्या पर्सोनेल खात्यांना मग हिशोब ठेवावा लागला. आपल्याकडे? २०१९ च्या वेतन संहितेत भरती करताना लिंगावरून भेद करू नये असं आहे. जातीवरून करू नये हे तिथे लिहिलेलं नाही. २००६ नंतर उद्योगपतींच्या संघटनांनी स्वेच्छेची आचारसंहिता आणली. स्वेच्छेनं! गावच्या विहिरीही स्वेच्छेवरच सोडल्या असत्या तर आपण अजून काठावर ओंजळ धरून बसलो असतो.

आता माझ्या टेबलाची गोष्ट. ही सांगितल्याशिवाय बाकी सगळं बोलणं खोटं ठरेल.

नोकरीला दीड वर्ष झालं होतं. एका संध्याकाळी यादी आली. बासष्ट नावं, ठेकेदाराची पोरं, दिवस भरत आलेले. उद्यापासून गेटपास बंद. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, चहा दिला आणि म्हणाले, "हे तू सांग त्यांना. तुझं ऐकतील. त्यांच्यातलाच आहेस तू." त्या क्षणी मला समजलं की माझी भरती कशासाठी झाली होती. माझी पदवी, माझं इंग्रजी, माझं प्रेझेंटेशन, त्यातलं काही त्यांना नको होतं. माझी भाषा हवी होती. वस्तीतल्या पोरांना वस्तीच्या भाषेत 'उद्या येऊ नका' म्हणणारा माणूस हवा होता. यादीत एकोणिसावं नाव आमच्या गल्लीतल्या पोराचं. त्याच्या बहिणीच्या लग्नात मी पंगतीत वाढलेलं.

मी सांगितलं. होय, मी सांगितलं. कुणी ओरडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. तो पोरगा एवढंच म्हणाला, "दादा, तू तरी काय करणार." ती शिवीपेक्षा वाईट गोष्ट आहे. रात्री जेवलो नाही. सकाळी परत गेलो, थंब लावला, बसलो.

बैठकीत 'दलाल' म्हणून ओरडणाऱ्या मित्रा, तुझं म्हणणं या जागी खरं आहे. आणि मधल्या माणसाची काय गत होते ते मानेसरला बघ. १८ जुलै २०१२, मारुतीचा कारखाना. सुपरवायझरनं एका दलित कामगाराला जातीवरून बोललं, तिथून ठिणगी पडली असं युनियनचं म्हणणं. त्या दिवशीच्या हिंसेत आणि आगीत कंपनीचा एचआरचा जनरल मॅनेजर मेला. पुढे तेरा कामगारांना जन्मठेप झाली आणि एकशे सतरा जण निर्दोष सुटले, तोवर त्यातल्या कित्येकांची वर्षं तुरुंगात गेली. त्या मॅनेजरनं युनियन नोंदवताना मदत केली होती, असं कामगारांच्या बाजूनंही सांगितलं गेलं. कामगाराच्या जिवाची राख, मधल्या माणसाच्या जिवाची राख, आणि गाड्या पुन्हा लाइनवरून निघायला लागल्या.

मग काय करायचं? एचआर शिकूच नये?

माझं मत सांगतो. शिकायचं. हट्टानं शिकायचं. पण कुणाचं म्हणून शिकतोय हे ठरवून शिकायचं.

का, ते ऐका. या अभ्यासक्रमात दोन विद्या एकत्र बांधलेल्या आहेत. एक माणूस वाकवायची आणि दुसरी कायद्याची. पहिली त्यांची आहे. दुसरी आपल्या बापजाद्यांनी लढून मिळवलेली आहे आणि ती आज आपल्याच हातात नाही. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याचं ४९ वं कलम सांगायचं, पाचशे कामगार असले की वेल्फेअर ऑफिसर नेमा. अनेक राज्यांच्या नियमांत हेही होतं की या ऑफिसरनं मालकाच्या वतीनं कामगाराविरुद्ध कोर्टात उभं राहायचं नाही. म्हणजे पगार कंपनीचा, पण माणूस कामगाराचा, अशी कल्पना होती! कंपन्यांनी ती कल्पना गिळली. वेल्फेअर ऑफिसरकडून वाढदिवसाचे केक वाटून घेतले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. वेल्फेअर ऑफिसरची अट आता अडीचशे कामगारांवर आली, म्हणजे पदं वाढायला हवीत. ती कोण भरणार? दुसरीकडे स्टँडिंग ऑर्डर्सची अट मूळ शंभर कामगारांवरून तीनशेवर नेली. कामगार कपातीला सरकारची परवानगी घ्यायची अटही शंभरावरून तीनशेवर. आणि ठरावीक मुदतीची नोकरी राजरोस झाली. मुदतीवाल्याला वर्षात ग्रॅच्युइटी मिळेल हे खरं, तेवढं मान्य करू. पण सात महिन्यांचा ब्रेक जो चोरून चालायचा त्याला आता कायद्याचं कुंकू लागलं. हे सगळं समजणारा माणूस वस्तीत नको?

त्या बासष्ट जणांनंतर मी कायदा वाचायला बसलो. वर्गात पास होण्यापुरता वाचला होता, आता जळफळत वाचला. तेव्हा समजलं की ठेकेदारानं पगार बुडवला तर १९७० च्या कंत्राटी कायद्यानं तो मूळ कंपनीनं द्यायचा. २००१ साली सुप्रीम कोर्टानं स्टील अथॉरिटीच्या खटल्यात सांगितलं की कंत्राट बंद केलं म्हणून कामगार आपोआप परमनंट होत नाही. पण कंत्राटच खोटं, नुसता बुरखा, असं सिद्ध झालं तर गोष्ट वेगळी. सिद्ध कसं करायचं? कागदानं. आणि कागद आपल्या पोरांकडे नसतो. गेटपास परत घेतात, हजेरी मशीनमध्ये राहते, पगाराची स्लिप फोनवर येते आणि फोनबरोबर जाते. मी पोरांना सांगायला लागलो. गेटपासचा फोटो काढ. स्लिप जपून ठेव. पीएफचा यूएएन नंबर पाठ कर. ईएसआयचा नंबर आईजवळ लिहून ठेव. सुपरवायझर कंपनीचा असेल तर त्यानं दिलेला मेसेज पुसू नको. एवढंच. गेटच्या आत बसून ही एवढीच चोरी मी केली आणि तिचं मला दुःख नाही.

त्या पोरीला म्हणून सांगतो, ताई, तू एचआर घे. पण चार गोष्टी मनात धर.

पहिली. मॅस्लोच्या त्रिकोणाबरोबर लोखंडे आणि मजूरमंत्री बाबासाहेब वाच. शिकवत नसतील तर वर्गात हात वर करून विचार, का शिकवत नाही. एकदा विचार, दोनदा विचार. नापास कोण करतं बघू.

दुसरी. प्रोजेक्टसाठी दोन महिने कंपनीतच जायला हवं असं नाही. युनियनच्या ऑफिसात, लेबर कोर्टाच्या वऱ्हांड्यात बसून बघ. एकाच चार्जशीटला दोन तोंडं असतात, दुसरं तोंड तिथे दिसेल.

तिसरी. फीसाठी लढ. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, बाबासाहेब मंत्रिमंडळात होते तेव्हा. २०१८ च्या फेब्रुवारीत टाटा इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांना संप करावा लागला, कारण शिष्यवृत्तीवाल्या दलित-आदिवासी पोरांची फीसवलत काढून घेतली होती. माणसांची व्यवस्था शिकवणाऱ्या संस्थेच्या दारात ही वेळ! शिष्यवृत्ती उशिरा आली म्हणून कॉलेज निकाल अडवतं आणि हुशार पोरगी ठेकेदाराच्या ऑफिसात डेटा एंट्रीला लागते, हे आपण गल्लोगल्ली बघतोय.

चौथी. नोकरी लागली की एकटी राहू नको. माझी चूक तीच झाली. केबिनमध्ये चहा घेताना मी एकटा होतो. त्या पट्ट्यात आपली पन्नास पोरं-पोरी एचआरमध्ये असतील आणि एकमेकांना ओळखत नसतील, तर ती पन्नास मोहरी आहेत मालकाच्या हातातली. ओळखत असतील, तर खासगी भरतीत जातीचा हिशोब जाहीर करा ही मागणी आतून माहिती असलेल्या माणसांच्या तोंडून येईल. बाहेरून घोषणा देणाऱ्याला साहेब भीत नाही. रजिस्टर वाचता येणाऱ्याला भितो.

आणि ओरडणाऱ्या मित्रा, तुला एकच. तू तिला दलाल म्हणालास, पण तुझ्या स्वतःच्या पगाराच्या स्लिपवर पीएफ किती कापलाय ते तुला सांगता येत नाही. मी विचारलंय तुला. ते वाचायला शिकवणारं माणूस तू हाकलून देणार आणि मग वकिलाच्या दारात चपला झिजवणार. असला विद्रोह मालकाला परवडतो.

तेव्हा ठरवलंय. दर रविवारी सकाळी दहाला विहारात बसायचं. जो रविवार लोखंड्यांनी मिळवला तो झोपून घालवायचा नाही. पगाराची स्लिप, गेटपास, नोटीस, काय असेल ते घेऊन या. कंत्राटी या, ट्रेनी या, हाउसकीपिंगच्या आया-मावश्या या. मी असेन. ती पोरगी येते म्हणालीय. आणि त्या बासष्टमधला एकोणिसावा, तोही येणार आहे. मी त्याच्या घरी जाऊन सांगून आलो. त्यानं चहा दिला, मी घेतला, दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. निघताना म्हणाला, "दादा, कागद आणू का जुने?"

आण म्हटलं. सगळे आण.

जय भीम.